कंदीलवाल्याचे डोळे

रंगांच्या त्या दुकानात तीन शून्यांचा ब्रश एकच उरला होता, आणि त्याच्यावर दोन हात एकदमच पडले. एक माझा. दुसरा एका उंच, भिजलेल्या, चष्म्याच्या काचांवर थेंब घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा.

"मी आधी पाहिला," मी म्हणाले.

"पाहिला तुम्ही असेल. धरलाय मी."

"कशाला हवाय तुम्हाला?"

"धूळ झटकायला."

धूळ! केसाएवढ्या टोकाचा ब्रश, आणि हा महाभाग त्याने धूळ झटकणार! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मला डोळे रंगवायचेत."

"कुणाचे?"

"एका कंदीलवाल्याचे. हा... एवढा आहे." मी अंगठ्याचं एक पेर दाखवलं.

"आणि डोळे?"

"मोहरीसुद्धा मोठी वाटेल, एवढे."

त्याने ब्रश सोडला. पण लगेच एक बोट वर केलं. "एका अटीवर. डोळे झाले की मला दाखवायचे. माझ्याकडे अशी लेन्स आहे, मोहरीचा डोंगर करून दाखवते."

तो कॅटलॉगसाठी फोटो काढायचा. नळ, बिजागऱ्या, कड्या, स्क्रू. दिवसभर नळांपुढे उभं राहून त्यांना "जरा इकडे वळा" म्हणणारा माणूस! मी तिथल्या तिथे त्याचं नाव नळवाला ठेवून टाकलं.

"आणि तुम्ही?"

"दात."

"म्हणजे?"

"दातांच्या लॅबमध्ये खोटे दात बनवते. पेशंटच्या दाताशी रंग जुळवायचं काम माझं."

त्याने पटकन तोंड मिटलं. मी म्हणाले, "आता मिटून काय उपयोग? शेड कळली मला. चहा कमी करा."

तो तोंडावर हात धरून हसला, आणि मीही हसले. बाहेर आठ दिवस ऊन नव्हतं, रस्त्यावर नुसती राखाडी रिपरिप चालू होती. घरी पोचेपर्यंत माझं हसू पार मावळलं होतं. आपण हसलो, याचीच लाज वाटायला लागली होती.

कारण तो कंदीलवाला दादाचा होता.

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आमचा खेळ मांडला जायचा – फासे, पुठ्ठ्याची घरं आणि पेराएवढे पुतळे. बेकरीवाला, चोर, शिपाई, न्यायाधीश... वीस माणसांचं अख्खं गाव होतं आमचं. पुतळे दादा रंगवायचा, पण त्याचा हात धसमुसळा. एकदा त्याने शिपायाला डोळे काढले, तर तो शिपाई भूत बघितल्यासारखा दिसायला लागला. तेव्हापासून आमच्यात नियम झाला. कपडे दादाचे, डोळे माझे. डोळे सगळ्यात शेवटी. ते होईपर्यंत पुतळा गावात येत नाही.

कंदीलवाला एकविसावा. लाल डगला, हातात कंदील, चेहरा कोरा. तो घेऊन दादा एका संध्याकाळी माझ्या खोलीत आला होता. "डोळे घालून दे ना, ताईसाहेब." मी दिवसभर कुणाच्या तरी सहा दातांशी झगडून आले होते. मान वर न करता म्हणाले, "रविवारी बघू."

शनिवारी त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. तो परत आलाच नाही.

याला चौदा महिने झाले. आईने ते वीस पुतळे डब्यात भरून माळ्यावर टाकले आणि त्यांचं नावही काढलं नाही. हा एक माझ्या टेबलावर राहिला. त्याच्यासाठी मी घेतलेला हा चौथा ब्रश होता. आधीचे तिन्ही कोरेच पडून होते.

मग डोळे व्हायच्या आधीच मी कंदीलवाल्याला घेऊन नळवाल्याकडे जायला लागले. शनिवार दुपार... नंतर गुरुवारही. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, टेबलावर मागून वर वळवलेला करडा कागद, दोन बाजूंना पातळ कागदाचे पडदे, त्यांच्यामागे दोन दिवे. त्या मऊ उजेडात साधा नळसुद्धा राजबिंडा दिसायचा.

पहिल्यांदा कंदीलवाल्याला तिथे उभं केलं, तेव्हा नळवाला त्याच्याशी इतक्या अदबीने वागला, की मला गंमत वाटली. "साहेब, जरा डावीकडे. कंदील खाली... छान." मग त्याने फोटो स्क्रीनवर उघडला, पुतळ्याची पाठ मोठी केली – आणखी मोठी – आणि थांबला.

"हे काय आहे?"

डगल्याच्या लाल रंगात बारीक रेषा उमटल्या होत्या. वळत वळत गेलेल्या. नुसत्या डोळ्यांना तो खडबडीत रंग वाटायचा, आणि एकदा घासून सारखा करावा असं माझ्या मनातही आलं होतं.

"अंगठा आहे," तो हळूच म्हणाला. "रंग ओला असताना उचललंय कुणीतरी. घाई होती का त्याला?"

"त्याला नेहमीच घाई असायची," मी म्हणाले, आणि मग मला रडूच कोसळलं. लाजलज्जा सोडून, हुंदके देऊन. त्याने समजूत काढली नाही. फक्त टेबलावरचे दिवे मंद केले, खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि मी सगळं सांगेपर्यंत बसून राहिला. त्या दिवसापासून "तुम्ही" गेलं आणि "तू" आलं. कोणी आधी म्हटलं, आठवत नाही.

"डोळे घाल त्याला," तो पुढच्या आठवड्यात म्हणाला.

"घालीन. आधी प्रकाश नीट—"

"दोन दिवे आहेत."

"हात थरथरतोय."

"मग माझ्या हातावर टेकव."

त्याने तळहात टेबलावर उताणा ठेवला. मी मनगट त्यावर टेकवलं. त्याचा हात गरम होता, आणि त्यामुळे थरथर थांबायच्या ऐवजी... जाऊ दे. श्वास रोखून मी पांढऱ्याचे दोन ठिपके दिले, मग काळ्याचे दोन. कंदीलवाला बघायला लागला.

"कुणासारखा बघतोय?" त्याने विचारलं.

"दारात उभं राहून काहीतरी मागत असल्यासारखा."

निघताना कंदीलवाला त्याच्याकडेच ठेवून मी म्हणाले, "फोटो काढून ठेव. हाताळू नकोस फार. नुसत्या रंगावर बोटं लागली की तो झिजतो, वर वार्निशचा थर हवा. तो मी देईन... ऊन पडलं की."

ऊन पडलं की. एवढंच बोलले. का, ते सांगितलं नाही. रंगकाम करणाऱ्यांना ते सांगायचीही गरज नसते.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "तू ये. लगेच ये."

टेबलावर, त्या मऊ उजेडात, कंदीलवाला पांढरा पडला होता. डगला, चेहरा, कंदील – सगळ्यावर दुधाची साय धरावी तसा थर. डोळे नव्हते. अंगठाही नव्हता.

"स्प्रेचं वार्निश आणलं," तो म्हणाला. "बिनचकाकीचं. मला वाटलं... तू परत पुढे ढकलते आहेस. डोळ्यांसारखं. मला वाटलं तोवर तो अंगठा झिजून जाईल. म्हणून मीच... गॅलरीत नेऊन..."

"गॅलरीत? या हवेत? दमट हवेत स्प्रे मारला की वार्निश पांढरं धरतं, हे शेंबडं पोरही सांगेल!"

"मला कुणी सांगितलं नाही."

"विचारायचं होतंस!"

"करायला गेलो गणपती..." तो पुटपुटला, आणि मला ते ऐकवेना. मी पुतळा रुमालात गुंडाळला. आणि जिना उतरले. दादा दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी त्याला नेणारा माणूस मला आवडत होता. हे जास्त दुखत होतं.

वीस दिवस मी फोन उचलला नाही. लॅबमध्ये दात करत राहिले, घरी येऊन छताकडे बघत राहिले. त्याचे निरोप यायचे, मी न वाचता पुसायचे. पाऊसही चिवट, हटायचं नाव घेईना.

एकविसाव्या दिवशी, जेवणं झाल्यावर, मी पुतळा टेबलावर ठेवून नुसती बसले होते. आई भांडी घासत होती. तिने वळून पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती या असल्या वस्तूच्या जवळ आली.

"याला काय झालं गं?"

"खराब झाला."

"हाच ना तो... त्याचा शेवटचा?" तिने ओल्या हातानेच तो उचलला. तिच्या बोटांवरून पाणी ओघळून डगल्यावर आलं. ती डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "खराब कुठे? लाल तर आहे."

"पांढरा आहे, आई."

"अगं, हे बघ."

जिथे पाणी लागलं होतं तिथे डगला लाल झाला होता. ओल्या जागी त्या रेषा होत्या, वळत गेलेल्या. मी बघत असतानाच पाणी सुकलं आणि साय परत आली.

मी कपाळावर हात मारून घेतला. हे तर मी रोज करते! भट्टीतून निघालेला दात खडूसारखा पांढराफटक असतो. त्याचा खरा रंग बघायला आम्ही त्याला ओला करतो, आणि रंग कायमचा राहावा म्हणून वरून चकाकीचा थर देतो. रंग कुठे जात नाही. तो खालीच असतो.

"काय आहे ते?" आई रेषांच्या जागी बोट ठेवून विचारत होती.

"दादाचा अंगठा."

 आईने परत नळाखाली हात ओला केला, स्वतःचा अंगठा त्या जागेवर ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. रडली, पण माझ्यासमोर रडली. आमच्या घरात तेही पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबला दांडी मारून, चकचकीत वार्निशची बाटली पर्समध्ये टाकून मी तिसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडंच होतं. टेबलावर करड्या कागदासमोर अकरा नळांच्या मुठी ओळीने मांडलेल्या. सगळ्या लाल रंगवलेल्या, सगळ्या पांढऱ्या पडलेल्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी – लिंबू, गरम हवा, साबण, स्पिरिट...

"हे काय?"

तो दचकून उभा राहिला. दाढी वाढली होती. "आधी मुद्दाम खराब केल्या. मग सुधारून बघतोय. एक जरी सुधारली असती ना, तर तुझ्या दारात येऊन बसलो असतो." त्याने मान खाली घातली. "अकराही मेल्या."

माझा उरलासुरला राग तिथेच, त्या अकरा मुठींसमोर विरघळला.

"हात दे," मी म्हणाले.

"अं?"

"हात टेकवायला लागतो मला. माहीत नाही का?"

त्याने तळहात उताणा ठेवला. मी ब्रश बाटलीत बुडवला आणि डगल्याच्या टोकापासून सुरुवात केली. चकाकी पसरेल तशी साय विरत गेली. लाल आला. अंगठा आला. शेवटी चेहऱ्यावर ब्रश फिरवला, आणि कंदीलवाल्याने डोळे उघडले. आमचे दोघांचे श्वास एकदमच सुटले.

"पूर्वीसारखा नाही झाला," तो म्हणाला. "चकाकतोय. पावसातून आल्यासारखा दिसतोय."

"मग पावसातूनच आलाय तो."

खिडकीबाहेर तीच राखाडी रिपरिप होती. दादा गेला होता, तो गेलेलाच राहणार होता. पण आज आई माळ्यावरचा डबा खाली काढून ठेवणार होती. वीस जण वाट बघत होते.

मी हात काढून घेतला नाही. तोही हलला नाही. मग त्याने घसा साफ केला. "मला तुला एक... म्हणजे हवा कशी आहे बघ ना... आणि तसं पाहिलं तर नळांचं काम..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

"विचारायचं होतं. पण आज तू दमली आहेस. आपण असं करू—" तो उठायला लागला. "रविवारी बघू."

मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"नाही," मी म्हणाले. "रविवारी नाही. आत्ता विचार."

तो परत बसला. चष्मा काढला, पुसला, उलटा घातला, पुन्हा काढला. आणि विचारलं... अगदी हळू, एका दमात, शब्द एकमेकांवर आपटत.

त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच मी "हो" म्हणून मोकळी झाले.