अडलेली सातवी पायरी

या, असे जवळ सरकून बसा. गुन्हेगार कोण ते ओळखायचं असेल तर कान उघडे ठेवा. मी काही पदराआड ठेवणार नाही.

त्या ऑफिसात एक साधन होतं. कोऱ्या कॉम्प्युटरला एक आज्ञा द्यायची, की लिनक्स या प्रणालीचा सगळा संसार आपोआप मांडला जायचा. सोबत बारा पायऱ्यांचं सूचनापत्र. साधन घडवणारा इंजिनियर तीन आठवड्यांपूर्वी वारला. सूचनापत्र नीटनेटकं करणारी, त्याच ऑफिसात काम करणारी त्याची बायको. सोमवारी ती त्याचं सामान घेऊन गेली, आणि मंगळवारपासून प्रत्येक कॉम्प्युटर सातव्या पायरीवर अडायला लागला.

गुरुवारी ती पुन्हा कामावर रुजू झाली. खांद्याला नवऱ्याची जड बॅग. ऑफिसची वस्तू परत करायची होती. डोळे कोरडे. समोरचा चहा कधी निवला, तिला कळलं नाही.

"मॅडम, कुणीतरी मुद्दाम बिघडवलंय," साहेब म्हणाले. "पासवर्ड आता फक्त यांच्याकडे. संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही, तर यांची नोकरी गेली."

'हे' म्हणजे कॉम्प्युटरची देखभाल करणारा, नवऱ्याचा जिवलग.

"वहिनी, आम्ही रोज भांडायचो, पण तोंडानं! त्याच्या कामाला बोट लावायची माझी छाती नाही."

तिने सूचनापत्राच्या जुन्या नोंदी उघडल्या. सातव्या पायरीला दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता. साधनातही बदल नव्हता. अडताना एकच निरोप यायचा: या पत्त्यावरून उत्तर नाही.

"भाऊजी, हा पत्ता कुठल्या सर्व्हरचा?"

"आपल्या यादीतच नाही."

"याआधी कधी अडलं होतं?"

"गेल्या वर्षी, चार दिवस. मग आपोआप सुटलं. तुमच्या नणंदेचं लग्न होतं बघा, तेव्हा."

तिचा हात खांद्यावरच्या बॅगेकडे गेला. त्यानं ऑफिसातला लॅपटॉप लग्नघरात आणला म्हणून त्या चार दिवसांत ती नवऱ्याशी बोलली नव्हती.

तिने बॅगेतून तो लॅपटॉप काढला, त्याच्या टेबलाखालच्या वायरी जोडल्या, बटण दाबलं.

"आता चालवा."

सातवी पायरी झाली. आठवी. नववी.

"गुन्हेगार दोघं आहेत, साहेब," ती सपाट आवाजात म्हणाली. "सातव्या पायरीला लागणाऱ्या फायली आधी सर्व्हरवर ठेवायच्या, हे त्यानं लिहिलंच नाही. त्याच्या लॅपटॉपवर त्या होत्याच. साधन मुकाट्यानं तिथून घ्यायचं. मी तपासलं तेही शेजारच्या टेबलाशी बसून, हा लॅपटॉप चालू असताना. भरल्या घरात स्वैपाक करून पाहिला आम्ही, रिकाम्या घरात कुणी करूनच पाहिला नाही. आणि सोमवारी हा बंद केला तो मीच."

"म्हणजे तीन आठवडे..." साहेब अडखळले.

"तो गेल्यावरही उत्तर देत होता."

भाऊजींनी तोंड फिरवलं. साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटले, "चुकलो मी."

तिने फायली सर्व्हरवर हलवल्या, पत्ता बदलला, सूचनापत्रात राहिलेली पायरी लिहिली. आता खरी परीक्षा घ्यायची, तर लॅपटॉप बंदच हवा होता. तिने तो दुसऱ्यांदा बंद केला. बाराही पायऱ्या सुरळीत पार पडल्या. रडू आलं नाही. तिने गार चहा पिऊन टाकला.

बाबांनो, कुठं काही आपोआप चाललेलं दिसलं, तर टेबलाखालून उत्तर देत राहिलेल्या त्या माणसाची एकदा आठवण काढा.