नळीतला बुडबुडा

मानवाने अखेर मृत्यूवर विजय मिळवला, असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. लगोलग त्या विजयाची शासकीय नियमावली आली. मेलेल्या माणसाच्या मनाची प्रत, म्हणजे मनप्रत, चालू ठेवता येईल. पण त्याचं एक अपुरं काम पुरं होईपर्यंतच. नाहीतर पणजोबा कायमचे सल्ले देत बसतील, अशी सरकारला रास्त भीती होती.

शलाका बेहेरेचं अपुरं काम म्हणजे विमान. कोल्हापूरबाहेरच्या शेडमध्ये तिने आणि नवऱ्याने, हेरंबने, ते हाताने बांधलं होतं. इंजिन भंगारातल्या मोटारीचं, रोटरी; आत दट्ट्याऐवजी त्रिकोणी चकती गरगरते. पळतं झकास, तापतंही तसंच. मोटारीत रेडिएटर नाकाशी असतो. विमानात तो सीटखाली गेला आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, नळ्या वेड्यावाकड्या फिरवाव्या लागल्या. त्या जुळायच्या आतच शलाका गेली. आता ती कपाटावरच्या स्पीकरमधून बोलायची.

शेपटी स्टुलावर ठेवून, म्हणजे आडवं उडताना असेल तसं, इंजिन न तापता तासभर चाललं की काम पुरं. पण तापमानाचा काटा दर वेळी लाल रेषेपलीकडे जायचा.

"पंप बदललास?"

"बदलला."

"नळ्यांतली हवा काढलीस?"

"तुझ्यासमोर काढली की."

"मला डोळे नाहीत, हेरंब. समोर काय नि मागे काय." मग तिने विचारलं, "तेव्हा शेपटी कुठे होती?"

हेरंब पाना पुसत राहिला. "जमिनीवर."

शेपटी जमिनीवर असली की नाक वर; हवा पुढच्या झडपेतून निघते. नळीच्या मागच्या वळणात मात्र एक बुडबुडा उरतो. शेपटी उचलली की तेच वळण सगळ्यात उंच होतं, आणि बुडबुडा कूलंटची वाट अडवून बसतो.

"तुला हे कधी कळलं?"

"दिवाळीत."

"आणि आता?"

"आंबे आलेत बाजारात."

"म्हणजे सहा महिने, हेरंब!"

"राहू दे ना," हेरंब म्हणाला. "चाललंय की असंच."

"तुझं चाललंय. मी मेल्यावरही रोज पंपाचीच चौकशी करतेय. मला ते इंजिन एकदा नीट ऐकायचंय रे. स्टूल आण."

त्याने शेपटी उचलून ठेवली, मागच्या नळीची क्लिप सैल केली. फस्स झालं, मग हिरवं कूलंट आलं.

तपासायला मनप्रत खात्याचे गुरव साहेब आले. इंजिन तासभर चाललं. काटा हलला नाही.

"शिलाई मशीन वाटतंय अगदी," शलाका म्हणाली. ती आणखी काहीतरी सांगत होती, पण गुरवांनी नियमाप्रमाणे बटण दाबलं.

"बंद होताना तिला कळलं असेल का?" हेरंबने विचारलं.

"नियमात त्याबद्दल काही नाही," गुरव हळूच म्हणाले. मग विमानाकडे बघत, "उडवणार कधी?"

वैमानिकाचा परवाना शलाकाचा होता. हेरंबला विमान चालवता येत नाही.