खाली माणूस आहे

ही गोष्ट खरी आहे. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती आधी वाचावी. ही भर उन्हातली आहे. फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या एका मालवाहू बंदरावरची. जिच्या बाबतीत ती घडली, ती मिरासोल अजून त्याच गल्लीत राहते. अजूनही नळ सोडण्याआधी पाइपाला कान लावते.

तो रविवार होता. शेवटचा साधा दिवस.

मिरासोल आणि तिचे वडील तेबान जेवायला बसले होते. आई गेल्यापासून घरात दोघंच. मक्याच्या कण्यांचा भात, तळलेला सुका मासा, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या मिरच्या.

"मासा करपवलास," तेबान म्हणाले.

"मग हॉटेलात जा, ताताय."

"गेलो असतो गं. पण तिथे टोमणे फुकट मिळत नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला. बंदरावरची मोठी पाण्याची लाइन फुटली होती. कंटेनरच्या रांगांमध्ये गुडघाभर पाणी साचलं होतं.

"आत्ता निघतो, सर."

ताट तसंच टाकून ते उठले.

नेहमीचंच होतं ते. लाइन फुटली की तेबान. वादळात तेबान, नाताळात तेबान. बायको शेवटचे श्वास मोजत होती, त्या दुपारीसुद्धा तेबानच. ते कधी नाही म्हणाले नाहीत. मिरासोलने ताटावर झाकण ठेवलं.

बंदरावरच्या प्लंबरांची एक जुनी रीत आहे. खड्ड्यात उतरलेला माणूस मधूनमधून पान्याने पाइपावर ठोकतो. ठण... ठण... म्हणजे खाली माणूस आहे. तो स्वतः वर येईपर्यंत व्हॉल्व्हला कुणी हात लावायचा नाही.

त्या रविवारी दुपारी फुटक्या जागेवर पट्टा आवळायला तेबाननी दोन्ही हात लावले.

ठोके थांबले.

धक्क्यावर एक जहाज पाण्यासाठी खोळंबलं होतं. इंजिनियर किहानो घाईला आले होते.

"झालं त्याचं. सोडा पाणी."

पाणी सोडलं...

शवपेटी घरात आली. घरात मयत असताना तिकडे कुणी अंघोळ करत नाही, केर काढत नाही. मिरासोलने पाण्याचा मुख्य कॉकच बंद करून टाकला.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून आवाज आला.

ठण... ठण...

ती आत गेली. कुणी नव्हतं. नळ कोरडा ठणठणीत. तिने पाइपावर तळवा टेकला.

पाइप आतून थरथरत होता.

ती घाबरली नाही. उलट तिला हायसं वाटलं. ताताय घरी आलेत. कुणी बोलावलेलं नसताना, आपणहून. दिवसभर येता-जाता ती त्या पाइपाला हात लावत राहिली.

संध्याकाळी किहानो पांढरी फुलं घेऊन आले.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण त्यांनी ठोकणं थांबवायला नको होतं."

कोपऱ्यात तेबानचे जुने जोडीदार नोंग कुलास बसले होते. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"दोन हात पट्ट्याला लागले होते, सर. ठोकायला तिसरा हात कंपनीने दिला नव्हता."

किहानो निघाले.

आणि मिरासोल उठली.

मयताच्या घरून निघालेल्या पाहुण्याला कुणी पोचवायला जात नाही. त्याचे आभारही मानत नाही. मानले तर मरण त्याच्या मागोमाग जातं. हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

"इंदाय, पोरी, बस खाली!" कुलास कुजबुजले. "वेड लागलं का तुला?"

ती थांबली नाही. किहानोंबरोबर फाटकापर्यंत गेली. त्यांच्या डोळ्यांत बघून शांतपणे म्हणाली, "आभारी आहे हं, सर."

किहानोंचा चेहरा उतरला. ते झपाझप चालू लागले.

गल्ली कोरडी होती. त्यांच्या बुटांमागे सिमेंटवर काहीतरी उमटत गेलं...

ओली पावलं. अनवाणी.

मिरासोलच्या मनात एक कडवट समाधान पसरलं. गेलं. मरण गेलं याच्या मागे.

मग तिने नीट पाहिलं.

उजव्या पावलाला करंगळी नव्हती.

तेबानची करंगळी बंदरावरच एका पाइपाखाली चिरडून गेली होती.

ती धावत न्हाणीघरात आली. पाइपाला कान लावला.

काहीच नाही.

त्यानंतर त्या घरात एकही ठोका ऐकू आला नाही. ती रात्रंदिवस वाट बघत राहिली...

दफन झालं, आणि कुलास पुन्हा दारात उभे राहिले. थकलेले.

"इंदाय, बंदरावर चल. आमच्याच्याने होत नाही."

"काय झालं?"

"नवा पाइप टाकलाय. खड्डा रिकामा आहे. पण व्हॉल्व्हजवळ कुणी गेलं की खालून ठोके येतात. आता कुणी हात लावायला तयार नाही."

"आणि किहानो?"

कुलासांनी बंदराच्या दिशेने पाहिलं.

"ते रोज येतात. काठावर उभे राहून ओरडतात, 'तेबान, अजून किती वेळ?'"

"मग?"

"मग खालून उत्तर येतं, पोरी... 'होतच आलंय, सर.'"

मिरासोल गेली. सूर्य डोक्यावर होता. कंटेनरच्या लोखंडातून झळा निघत होत्या. खड्ड्याच्या काठावर किहानो उभे होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

खाली नवा पाइप. कोरडी माती. माणूस नाही.

ठण... ठण...

किती मन लावून चाललं होतं ते काम.

मिरासोल काठावर गुडघे टेकून वाकली.

"ताताय."

ठोके थांबले.

आईच्या दफनालाही जे तिच्या ओठांवर आलं नव्हतं, ते ती आता सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलली.

"मला या माणसाचा राग येत नाही, ताताय. तुमचा येतो. आई तुमचं नाव घेत गेली आणि तुम्ही याच्या नळाखाली होतात. मी एकटीने तिचे डोळे मिटले. आता तर मेलात ना? आता तरी याला नाही म्हणा!"

खाली पाना मातीत पडल्याचा आवाज झाला, आणि मग तेबानचा आवाज आला, "नाही, सर."