आधी डोळे काढा

आदिनाला वाटलं होतं, त्या गाळ्याची काच एव्हाना फुटली असेल. कुणीतरी दगड मारला असेल. निदान काळं तरी फासलं असेल. मँचेस्टरच्या गारठलेल्या खोलीत पाच वर्षं तिने तो दगड मनातल्या मनात इतक्यांदा भिरकावला होता, की सुकापूरला रिक्षातून उतरताना तिने पायांखाली काचा बघितल्या.

काच शाबूत होती. दाराला जुनं कुलूप होतं. काचेला आतून चिकटवलेले ते दोन डोळे रस्त्याकडे बघत होते. एकेक डोळा हातभर लांब, काळाभोर, पापण्यांसकट. वर मोठ्या अक्षरांत 'मोफत मोतीबिंदू शिबिर'. उन्हाने अक्षरं विटली होती, विनाइलच्या चिकट प्लॅस्टिकच्या कडा पापडासारख्या वळल्या होत्या. डोळे मात्र कालच लावल्यासारखे प्रसन्न होते.

दोन हजार आठ साली याच गाळ्यात भरलेल्या त्या शिबिरात अकरा माणसांची दृष्टी गेली. डॉक्टर रातोरात बेपत्ता झाला. माणसांना एकेक काळा चष्मा मिळाला, आणि विषय मिटला.

"मिटलाच की," गाळ्याचे मालक धर्मराजशेठ किल्ली देत म्हणाले. "ताई, तुम्ही शिकून आलात, इथं गरिबांचे डोळे तपासणार म्हणता, चांगलंच आहे. मग जुनं कशाला उकरता? काच पुसा, नवा बोर्ड लावा. हे ब्लेड घ्या, अर्ध्या तासात साफ होईल."

"ब्लेड नको," आदिना म्हणाली. "ओरखडा पडला की काच कायमची गेली. डोळ्याचंही तसंच असतं, शेठ. तुमच्या भाडेकरूला ते माहीत नव्हतं."

शेठ हसले.

त्या अकरा जणांत कृष्णाबाई होती. मोरा बंदराच्या धक्क्यावरून मासळी आणून आदिनाच्या घरी, झिराडकरांच्या दारात, टोपली उतरवणारी. आदिनाचं घर बेने इस्रायलांचं, कोकणातल्या ज्यूंचं. बिनखवल्याचा मासा त्यांना चालत नाही, हे कृष्णाबाईला कुणी सांगावं लागत नसे. "खवल्याचाच हाय गो बाय, तुझ्यासाठी येगला ठेवलाय," असं म्हणत ती पाटीच्या तळातून पाला मासा काढायची. तिच्या उजव्या हाताची तर्जनी कोयत्याने अर्धी तुटलेली होती. त्या अर्ध्या बोटाने ती लहान आदिनाच्या गालाला टोचायची.

आदिना परत आली तेव्हा कृष्णाबाईला जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि एक गोष्ट आदिनाने कुणालाच सांगितलेली नव्हती. आईलाही नाही.

शुक्रवारी दुपारी ती कामाला लागली. मदतीला दयाराम होता, विनाइल लावण्या-काढण्याचं काम करणारा. आधी तो पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. हेअर ड्रायरने विनाइल कसं तापवायचं, कोपरा नखाने उचलून पट्टी काचेला जवळजवळ टेकवतच हळूहळू कशी ओढायची, मागे राहिलेल्या गमवर कोमट खोबरेल कसं मुरू द्यायचं आणि प्लॅस्टिकच्या कार्डाने तो कसा ढकलायचा, हे सगळं त्याने करून दाखवलं. गम निघाला की नाही ते बघायला काचेवर तोंडाने वाफ सोडायची. स्वच्छ काच धुरकटते, गमची जागा तशीच राहते.

"पन आधी डोळे काढा," तो म्हणाला.

"का?"

"मूर्तीचे डोळे आमी शेवटी लिवतो. उतरवताना उलटं. आधी डोळे मिटायचे, मग बाकीचं. उघड्या डोळ्यांसमोर कुनाला सोलत नाय."

"दयारामभाऊ, हा गणपती नाही. लुटारूची जाहिरात आहे."

"डोळे ते डोळेच, ताई."

आदिनाने ऐकलं नाही. डोळे तिला शेवटीच हवे होते. शेवटपर्यंत ते उघडे राहावेत, आपली अक्षरं एकेक करून सोलली जाताना त्यांनी बघावं आणि मग तिने ते उपटून काढावेत, एवढा राग तिच्यात साचला होता. दयारामने काही वेळ अक्षरांवर काम केलं, मग खोबरेलाची बाटली तिच्यापुढे ठेवली आणि निघून गेला.

पाचला वीज गेली. हेअर ड्रायर थंड पडला. जुनं विनाइल आता सलग निघेना. नखाएवढे तुकडे सुटून तिच्या हातांना चिकटायचे. खवल्यांसारखे.

आईचा फोन आला. "आदिना, सूर्य मावळायला आला. शब्बाथचा दिवा लावायचाय. ये गं."

"तू लाव आई. मला हे आजच संपवायचंय."

"आजच्या दिवशी असा राग बरा नव्हे."

तिने फोन ठेवला. उन्हाचा शेवटचा पट्टा काचेवरून सरकून गेला. तिने उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात नख घातलं आणि खेचलं. डोळा फाटत फाटत निघाला. मग डावा. मागे गम राहिला, राखाडी, तंतोतंत त्याच आकाराचा. चित्र गेलं तरी नजर राहिली.

तिने खोबरेल चोळलं, थांबली, कार्डाने गम ढकलला, फडक्याने पुसलं. काच लख्ख दिसली. तिने तोंड जवळ नेऊन वाफ सोडली.

धुरकट काचेवर चार रेघा उमटल्या.

बोटांच्या. एखाद्याने चाचपडत हात फिरवावा तशा, दोन डोळ्यांच्या मधून सुरू होऊन दाराच्या दिशेने गेलेल्या. चारांतली एक रेघ आखूड होती.

आपलीच बोटं असतील, असं आदिनाने स्वतःला सांगितलं. तिने आपला हात त्या रेघांवर धरला. तो जुळला नाही. रेघा बाहेरून असतील म्हणून तिने नखाने खरवडून पाहिलं. नखात गम आला. आतल्या बाजूचा, पाच वर्षं विनाइलखाली दडपलेला गम. तिथे कुणाचं बोट पोचणार?

तिने पुन्हा तेल लावलं. जोर लावून पुसलं. पुन्हा वाफ सोडली.

रेघा हातभर पुढे गेल्या होत्या. दाराकडे.

गाळ्यात वास यायला लागला. आधी स्पिरिटचा, मग ओल्या मासळीच्या पाटीचा. बाहेर रिक्षा जात होत्या, कुणी मोठ्याने हसत होतं, पण ते सगळं फार लांबून ऐकू येत होतं. आदिना काचेपासून दोन पावलं मागे सरली. तेवढ्यात, तिच्या छातीच्या उंचीवर, काचेवर वाफेचा एक गोल उमटला.

तिने वाफ सोडली नव्हती.

गोल विरला. पुन्हा उमटला. कुणीतरी काचेशी तोंड लावून श्वास घेत होतं… आतून. तिच्या शेजारून.

"कृष्णामावशी…?"

"दार कुठं हाय गो बाय…"

आवाज खरखरीत, दमलेला.

"मावशी, मी… मी त्यांना सोडणार नाही. त्या डॉक्टरला, त्या शेठला…"

"त्यांना मी वलखत नाय…" श्वास जवळ आला. "मला तूच बोललीस ना… फोनवर… जा म्हनून."

आदिनाच्या हातून बाटली पडली. तेल फरशीवर पसरलं. ती कशी बाहेर आली, कुलूप कसं लावलं, तिला आठवत नव्हतं. घरी दिवा जळत होता. आई काही विचारायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं: इंटरनेटवर जाहिरात बघून तिनेच मँचेस्टरहून कृष्णाबाईला फोन केला होता, मावशी घाबरत होती, नको म्हणत होती, आणि तिनेच हट्ट धरला होता की अडाणीपणा सोड मावशी, जा.

आईने तिला दिव्याजवळ बसवलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "डोळे गेल्यावर ती रोज संध्याकाळी त्या गाळ्याशी जायची. बाहेरून काच चाचपायची, दार शोधायची. आत कुणी आहे का विचारायची. मी हात धरून आणायचे. मरेपर्यंत जात होती."

"बाहेरून?"

"आत कशी जाणार? कुलूप होतं ना."

सकाळी आदिना गाळ्यावर गेली तेव्हा धर्मराजशेठ आधीच येऊन उभे होते. काल पुसलेले गमचे दोन डोळे काचेवर पुन्हा उमटले होते, आणि त्यांच्यामधून निघालेल्या चार रेघा उन्हात स्पष्ट दिसत होत्या.

"ताई, हे काय? पुसली नाहीत?"

"पुसणार नाही. चौकशी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. अकरा जणांच्या घरी मी जाणार आहे, आणि तक्रारीत पहिला जबाब माझा असेल. कृष्णाबाईला इथं मी पाठवलं."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? स्वतःचंच नाव?"

"आधी स्वतःचंच."

शेठ पुटपुटत गेले. तिने कुलूप काढलं आणि आत शिरली. रेघा काचेच्या कडेला संपत होत्या. तिथून पुढे दाराची आतली मूठ होती. मुठीवर राखाडी गम लागला होता, चार बोटांचा. एक ठसा अर्धा.

म्हणजे सापडलं दार.

आदिना शांतपणे बाहेर आली. दार ओढून घ्यायला तिने बाहेरची मूठ धरली, आणि तिचा तळवा चिकटला. बाहेरच्या मुठीवरही तोच गम होता.

तिने रस्त्याकडे पाहिलं. मग हातातल्या कुलपाकडे. कुलूप तिने गटारात टाकलं, दार सताड उघडं ठेवलं, आणि ठरवलं की आजपासून या दाराला कुलूप लागणार नाही. बाहेर गेलेल्याला परत यायचं असेल, तर त्याला पुन्हा काच चाचपावी लागू नये.