पायऱ्यांचा पांढरा

बाल्टिमोरच्या पश्चिमेकडच्या त्या गल्लीत शनिवारची सकाळ म्हणजे पायऱ्यांची सकाळ. प्रत्येक लाल विटांच्या घरापुढे पांढऱ्या संगमरवराच्या तीन पायऱ्या, आणि त्यांच्यावर गुडघे टेकून घरातली बाई. बादली, घासायचा दगड, साबणाची पूड. मंदीचे दिवस होते, पण चूल पेटो न पेटो, पायरी लख्ख हवी. जिची पायरी मळकी, तिच्या नावाने चर्चमध्ये आठवडाभर कुजबुज चाले.

अँब्रोज टिलमन पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवी आणि उरलेल्या वेळात तैलचित्रं काढी. या खेपेला त्याने कोपऱ्यावरून दिसणारी आपलीच गल्ली घेतली होती. माणसं नाहीत, गाडी नाही. नुसतं ऊन, विटा आणि पायऱ्यांची रांग.

"गल्ली आपलीच ना ही?" बायको वर्लीन म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासून इतकी शांत कधी बघितली नाही बाई मी."

समोरच्या मिस लिओटा चित्र बघायला आल्या आणि त्यांचा पाराच चढला.

"माझ्या पायऱ्या अशा करड्या? चाळीस वर्षं गुडघे झिजवलेत मी त्यांच्यावर. डोळे गहाण टाकलेस का रे मेल्या?"

अँब्रोज चक्रावला. त्या पायऱ्या त्याने पांढऱ्याच रंगवल्या होत्या. त्याला पक्कं आठवत होतं, कारण पांढऱ्या रंगाची ट्यूब तिथेच संपली होती. माफी मागून त्याने नवी ट्यूब फोडली आणि त्यांच्यादेखत पांढऱ्याचा हात दिला. सकाळी बघतो तर पायऱ्या पुन्हा करड्या. मंगळवारी मिस लिओटा गेल्या, झोपेतच.

वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. अँब्रोजही म्हणाला. जवसाचं तेल जुनं असेल, खालचा थर वर आला असेल. रंगाऱ्याला अशी शंभर कारणं माहीत असतात.

पुढच्या आठवड्यात चित्रातल्या एनॉस न्हाव्याच्या पायऱ्या करड्या पडल्या. तिसऱ्या दिवशी एनॉस दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

मग एका गुरुवारी अँब्रोजच्या स्वतःच्या घराच्या पायऱ्या.

घरात दोघंच. वर्लीनला खोकला झाला होता, साधाच, पण त्याला घाम फुटला. त्याने पांढऱ्याचा थर दिला. तासाभरात करडा. पुन्हा दिला. सुरीने खरवडलं तर खाली पांढरा निघे, आणि वारा लागला की करडा होई. माझं काय व्हायचं ते होवो, पण ती नको, असं तो शुक्रवारभर मनात घोकत राहिला आणि चित्रासमोरून हलला नाही.

"जेवून घे रे वेड्या," वर्लीन म्हणाली. "चित्र काय पळून चाललंय?"

त्याने तिचा हात धरला. हात ऊबदार होता. त्याच्या जिवात जीव आला.

शनिवारी त्याला उशिरा जाग आली. वर्लीन चुलीपाशी कॉफी ओतत होती. खोकला पार गेला होता.

बाहेरून दगड घासल्याचा आवाज येत होता. त्याच्याच दारातून.

त्याने दार उघडलं. शेजारची ओटिली आणि तिची सून त्याच्या पायऱ्यांवर वाकल्या होत्या.

"हे काय? राहू द्या."

"दुखवट्याच्या घराने पहिल्या शनिवारी पाण्याला हात लावायचा नसतो, ब्रदर टिलमन," ओटिली वर न बघता म्हणाली. "शेजाऱ्यांनी घासायच्या असतात. गल्लीची रीतच आहे. तू आत जा, बस तिच्याजवळ."

"ती ठणठणीत आहे. कॉफी करतेय."

सुनेने मनगटाने डोळे पुसले आणि पुन्हा घासू लागली.

"चारला पाद्री येतील," ओटिली हलकेच म्हणाली. "तोवर बस."

वर्लीन त्याच्या मागे येऊन उभी राहिली. हातात कप होता, वाफ येत होती. कपाळाला आठी घालून ती त्याच्या खांद्यावरून बघत राहिली.

"मी सकाळीच घासल्यात की," ती म्हणाली. "त्यांना दिसत नाही का रे?"