उजवा हात झोपलेला असताना

"चावली! चांगलीच चावली!"

मनगट झटकत ती उठली, आणि दारातून धावत आत आलेला माणूस तिच्यावर आदळता आदळता राहिला.

"रक्त आलंय? दाखवा. आधी साबणाने धुवा, वाहत्या पाण्याखाली, आणि मग—" एका दमात एवढं बोलून त्याने जीभ चावली. "सॉरी... सवय आहे. मी जनावरांचा डॉक्टर. माझे पेशंट रोजच चावतात."

"माझेही," ती म्हणाली. "फक्त माझ्या पेशंटना नंतर स्वतःलाच रडू येतं."

खरंच, चटईवर बसलेल्या पिटुकलीने ओठ काढला होता. चार वर्षांची पोर. याच मामाचा हात धरून नुकतीच आली होती, आणि आल्या आल्या या अनोळखी थेरपिस्ट ताईने तिच्या चांगल्या उजव्या हातावर जाडजूड मऊ मोजा चढवायला घेतला होता. चावेल नाही तर काय करेल!

पिटुकलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. डावा हात मूठ आवळून छातीशी, जणू त्याचं जगाशी काही देणंघेणंच नाही. सगळी कामं उजवा करायचा. म्हणून इथे, या थेरपी सेंटरमध्ये, काही आठवडे, रोज सकाळभर, उजव्याला सुट्टी आणि सगळे खेळ डाव्याला. "उजवा हात झोपलाय हं," ताई कुजबुजत सांगायची, "आपण डाव्याला उठवूया."

पिटुकलीची आई दुसऱ्या बाळंतपणाआधीच हॉस्पिटलात पडून होती, बाबा तिच्यापाशी. म्हणून मामा आपला दवाखाना मित्रावर सोपवून सेंटरजवळ खोली घेऊन राहिला होता.

मामा भला होता, पण भारी हळवा. पिटुकली डाव्या हाताने रंगीत कडी दांड्यात अडकवू बघायची. हात थरथरायचा, कडी घसरायची... आणि मामा हळूच दांडाच कडीखाली सरकवायचा.

"मामा," ताई शांतपणे म्हणायची, "बाहेर."

मग तो दाराच्या काचेला नाक लावून उभा. पिटुकली खुदूखुदू हसायची आणि हसता हसता कडी अडकवून टाकायची.

चहाच्या सुट्टीत तो व्हरांड्यात तिच्यासमोर आला. "एक विनंती आहे. तुम्ही तरी मला मामा म्हणू नका."

"का? मामाच आहात ना?"

"तिचा. तुमचा नाही."

तिने घाईने कप तोंडाला लावला. चहा गरम होता, पण कानही तापलेत, हे तिला नीट कळत होतं. "इथे सगळ्या मामांना मामाच म्हणतात," ती कशीबशी म्हणाली.

"मग सगळ्यांमधून मला काढायला काय करावं लागेल?"

"दांडा सरकवणं बंद करा. मग बघू."

'बघू' म्हणाली खरी... आणि आत जाऊन स्वतःवरच चिडली. मुलांच्या घरच्यांशी कामापुरतंच बोलायचं, हा तिने कानाला लावलेला खडा होता. माणसं येतात, जीव लावतात, निघून जातात. थोडे दिवस फोटो पाठवतात. मग तेही थांबतं. तिची काही तक्रार नव्हती. पण पुनःपुन्हा कुणासाठी हुरहूर लावून घ्यायची तिची तयारी नव्हती.

एके दुपारी तो जिन्यात फोनवर बहिणीशी बोलताना तिने ऐकलं. "अगं, रडू नकोस. बाळ येईपर्यंत हिचे दोन्ही हात सारखे होतील. माझा शब्द!"

फोन ठेवताच ती पुढे आली. "कुणाला विचारून शब्द दिलात?"

"ती रडत होती हो... मला बघवत नाही."

"हात सारखे होणार नाहीत. डावा मदतीला येईल. पेला सावरेल, कागद दाबून धरेल. हे खूप आहे! पण तुम्ही भलतंच कबूल केलंत, तर पिटुकलीच्या आईला हे खूप कधी दिसणारच नाही."

त्याचा चेहरा पडला. वाद घालेल, असं तिला वाटलं होतं. पण त्याने तिथेच पायरीवर बसून पुन्हा फोन लावला. "अगं, मघाशी मी चुकीचं बोललो," त्याने सुरुवात केली, आणि जे खरं होतं ते सगळं सांगितलं, न सजवता. पलीकडून एक ओला आवाज... "पेला धरेल? माझी पोर पेला धरेल?"

त्याने डोळे मिटून घेतले. जिन्यात उभ्या असलेल्या तिच्या काळजात काहीतरी हललं. चूक अशी लगेच, कुणाच्या तरी समोर सुधारणारा माणूस तिने फारसा पाहिला नव्हता.

शेवटच्या दिवशी मोजा निघाला. ताईने पिटुकलीपुढे घट्ट झाकणाचा डबा ठेवला, आत खुळखुळणारं काहीतरी. सुटका झालेला उजवा हात झडप घालून पुढे गेला, आणि डावा... मुकाट्याने छातीशी परतला. झाकण ओढलं की डबाच सरकत होता. पिटुकलीने मामाकडे पाहिलं. मामा हात पाठीमागे घट्ट धरून उभा होता. तो हलला नाही.

मग डावा हात आला. सावकाश, वाट विचारत आल्यासारखा. बोटं उघडली, डब्यावर टेकली... दाबून राहिली. टप्प! झाकण निघालं.

पिटुकली आतल्या मण्यांमध्ये रमून गेली. जरा वेळाने तिने वर पाहिलं. "मामा रडतोय. ताईपण रडते. काय झालं?"

निघताना दाराशी तो थांबला. "आता मी तुमच्या सेंटरचा कुणी नाही. म्हणून विचारतो. आपण... पुन्हा भेटायचं?"

तिचं मन 'हो' म्हणून मोकळं झालं होतं. ओठांवर मात्र दुसरंच आलं. "पहिला महिनाभर सगळेच फोन करतात."

त्याने मान डोलावली. "बरं. मग मी करत नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही या. माझ्या गावाला इथून थेट बस आहे."

आणि पठ्ठ्याने खरंच फोन केला नाही! पहिल्या आठवड्यात तिला हसू आलं, दुसऱ्यात राग. मग एका रविवारी ती आपली आपण बसमध्ये जाऊन बसली.

त्याचा दवाखाना भरलेला होता. कुत्री, एक पोपट, टोपलीत मांजर घेऊन बसलेल्या आजी. आतून तो डोकावला आणि जागीच थिजला.

"फोन का नाही केलात?" सगळ्यांदेखत तिच्या तोंडून निघून गेलं.

"रोज हातात घेत होतो. पण तुम्हाला शब्द दिला होता ना..."

"मोडायचा होता!" ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता. हे सांगायला आलेय."

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. पोपटाचीसुद्धा.

आजींनी टोपली पुढे केली. "डॉक्टर, बाई मोठ्या गुणाची आहे. पण आधी माझं मांजर बघा, ते सकाळपासून शिंकतंय."

त्याने दार पूर्ण उघडलं. "आत येता? धरायला माणूस नाहीये आज."

ती बाह्या दुमडून आत गेली. मांजर तिच्या हातांत अंग चोरून बसलं. ते तपासायला तो वाकला, इतका जवळ की त्याचे केस तिच्या गालाला लागले.

"मलाही," तो अगदी हळू म्हणाला.

"मोठ्याने बोला की!" बाहेरून आजी ओरडल्या. "आम्हाला ऐकू आलं नाही!"