दुपारी बारा वाजता रात्र

सोमवारी दुपारी दोनच्या सुमाराला मॉर्व्हन मीटरचा आकडा टिपायला उठली. एवढंच काम होतं. दारामागचं कपाट उघडायचं, आकडा कागदावर लिहायचा आणि वीज कंपनीला कळवायचा. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात सकाळपासून थंड होत चाललेला चहा. आतल्या खोलीत एल्स्पी झोपलेली. वय पाच महिने.

डंडी शहरातलं हे तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर मॉर्व्हनने घेतलं ते केवळ भाडं कमी म्हणून. एल्स्पीचा बाप समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला तो तिकडचाच झाला, त्यामुळे सगळा भार हिच्या एकटीवर. त्यात एल्स्पी सात आठवडे आधी जन्मलेली, छाती नाजूक. दवाखान्यातल्या नर्सने बजावून सांगितलेलं, खोली अठरा अंशांच्या खाली जाता कामा नये. मॉर्व्हनने हीटर कधी बंदच केले नाहीत. आणि मग बिल आलं. सहाशे अठरा पौंड! तीन महिन्यांचं! तिने ते आधी उलटं धरून वाचलं, मग खिडकीत जाऊन वाचलं. आकडा तोच.

"हे बघा, तुमच्याकडे रात्री तापणारे हीटर आहेत ना?" आकडा ऐकून वीज कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली. "आत विटा असतात. रात्री स्वस्त विजेवर त्या तापवून ठेवायच्या आणि दिवसभर ऊब घ्यायची."

"माहितेय मला. मग?"

"मग तुमच्या रात्रीच्या आकड्यात काहीच नाहीये. सगळी वीज दिवसाच्या महाग दरात जातेय."

"अहो, दिवसा मी एक किटली लावते फक्त!"

"तसं दिसत नाहीये, मॅडम. आणि मागची बाकी भरली नाहीत तर आम्हाला आधी पैसे भरायचं मीटर बसवावं लागेल."

म्हणजे पैसे संपले की हीटर बंद. मॉर्व्हनने फोन ठेवला आणि कपाटाचं दार पूर्ण उघडलं. मीटरच्या वर एक जुनं घड्याळ होतं, बशीएवढी तबकडी, अर्धी पांढरी, अर्धी काळी. हीटर कधी चालू आणि कधी बंद, ते हे घड्याळ ठरवणार. बाहेर दुपारचे दोन वाजले होते. तबकडीवरचा काटा काळ्या भागात होता. मध्यरात्रीनंतरचे दोन.

हसूच आलं तिला. बारा तास चुकलंय! एवढंसं कारण!

आता खरं तर तिच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. कारण रोज दुपारी बाराच्या ठोक्याला या कपाटातून 'खट्' असा आवाज यायचा, आणि पाठोपाठ घरभर हीटरमधल्या विटा हळूहळू टिकटिकायला लागायच्या. तापताना लोखंड आवाज करतं तसा. जळक्या धुळीचा वास यायचा, आणि त्याच्याखाली आणखी एक वास, आंबवलेल्या कणकेचा. मॉर्व्हनला वाटायचं, खालच्या मजल्यावर कुणीतरी पाव भाजतंय. आणि त्या 'खट्'बरोबर एल्स्पी झोपायची. खेळण्यावरचा हात तसाच ठेवून, डोळे मिटायचे, की संध्याकाळी सातच्या 'खट्'पर्यंत हूं नाही की चूं नाही. असलं बाळ मिळायला भाग्य लागतं, असं ती बहिणीला, शीनाला, फोनवर सांगायची. त्या वेळात झोपायच्या खोलीतून श्वास ऐकू यायचा. सावकाश, जड. एवढ्याशा पोरीचा श्वास एवढा मोठा कसा, हा प्रश्न मनात यायचा. पण दमलेली माणसं असे प्रश्न धुऊन वाळत घातलेल्या लंगोटांबरोबर विसरून जातात.

बुधवारी डूगल आला. घरमालकाच्या माणसांनी धाडलेला इलेक्ट्रिशियन, पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलघेवडा.

"काय गं पोरी, दुपारी बारालाच रात्र करतेस होय?" त्याने तबकडीकडे बघून शीळ घातली. "असं आपोआप होत नसतं. हे कुणीतरी मुद्दाम फिरवलंय."

"मग मुद्दाम परत फिरवा. लवकर."

समोरचं दार किलकिलं झालं. मिसेस लॉरिमर. ऐंशीच्या पुढच्या, अंगावर दोन स्वेटर आणि वर शाल. चाळीस वर्षं समोरच्याच घरात.

"त्याला हात लावू नकोस, डूगल."

"आजी, मी बिल कमी करायला आलोय, घर पाडायला नाही."

"मॉर्व्हन, पोरी, इकडे ये जरा." म्हातारीने आवाज खाली आणला. "ते घड्याळ चुकलेलं नाहीये. मिस्टर सूटरने लावून घेतलंय ते. तुझ्या आधी तो राहायचा. एकतीस वर्षं बेकरीत रात्रपाळी केली त्याने. सकाळी उशिरा यायचा, बाराला आडवा व्हायचा, सातला उठून परत कामावर. म्हणायचा, मिसेस लॉरिमर, मला अख्ख्या जन्मात रात्र मिळाली नाही, निदान घरात तरी असू दे. त्या विटांच्या टिकटिकीशिवाय त्याला झोप लागायची नाही. दुप्पट बिल भरायचा त्यापायी."

"बरं. मग आता कुठे आहेत ते?"

म्हातारीने शाल घट्ट ओढून घेतली. "झोपेतच गेला. गेल्या हिवाळ्यात. पण त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही मला."

मॉर्व्हनला रागच आला, खरं सांगायचं तर. "मिसेस लॉरिमर, मला सहाशे अठरा पौंड भरायचेत. तुम्ही भरता का? वीज तोडली तर माझी पोरगी थंडीत कुडकुडेल. फिरवा हो डूगल!"

डूगलने तबकडी फिरवली. काटा काळ्यातून पांढऱ्यात आला. कपाटातून 'खट्' झालं, आणि घरातली टिकटिक एकदम थांबली.

आतल्या खोलीत एल्स्पी किंचाळून उठली.

त्या दिवशी पोर झोपलीच नाही. दुपारभर छताकडे बघत रडली. संध्याकाळपर्यंत विटा गार पडल्या, खिडक्यांच्या काचांवर बाहेरून बर्फाची जाळी चढली. मॉर्व्हनने स्वतःला समजावलं, पहिला दिवस आहे, रात्री विटा तापतील, उद्या सगळं सुरळीत. तिने एल्स्पीला पाळण्यातून काढून आपल्या पलंगावर घेतलं, भिंतीच्या बाजूला, आणि दोघींवर जाड दुलई ओढली.

रात्री बारा वाजता 'खट्' झालं.

विटा टिकटिकायला लागल्या. अंधारात तो आवाज फार मोठा वाटतो… चारही बाजूंनी. जळक्या धुळीचा वास आला, आणि मग कणकेचा. मॉर्व्हनने मनात म्हटलं, या वेळी पाव कोण भाजतंय?

जिन्यावर पावलं वाजायला लागली.

सावकाश. एक पायरी, थांबणं. पुढची पायरी, थांबणं. दमलेला माणूस चढतो तशी. पहिला मजला… दुसरा… तिला वाटलं, कुणी शेजारी उशिरा आला असेल. पावलं तिच्या दारापाशी आली. कुलूप वाजलं नाही, दार वाजलं नाही. पण पुढचा आवाज घराच्या आतला होता. बूट काढल्याचा. एक. मग दुसरा.

मॉर्व्हन हललीच नाही. हलली तर कळेल ना त्याला, की आपण जागे आहोत.

खोलीचं दार जसंच्या तसं बंद होतं. आणि पलंगाची बाहेरची कड, मॉर्व्हनच्या पाठीमागची, हळूहळू खाली दबली. गादीतली स्प्रिंग कुरकुरली. कुणीतरी लांब उसासा टाकला आणि आडवं झालं. कणकेचा वास आता इतका दाट, की घशात पीठ बसल्यासारखं वाटावं. पाठीला पाठ लागली. ऊब होती त्या पाठीला… भाजलेल्या विटेची ऊब.

तो तिला काही करत नव्हता, हे तिला कळत होतं. तो नुसता दमलेला होता. आजवर तिची रात्र वेगळी होती आणि त्याची वेगळी. ती झोपायची तेव्हा तो कामावर असायचा. आता डूगलने दोघांची रात्र एकाच वेळी आणून ठेवली होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग दुलई सरकायला लागली. हळूहळू, झोपेत कुणी ओढून घेतं तशी, तिच्या अंगावरून, तिच्या पलीकडे भिंतीशी निजलेल्या एल्स्पीच्या अंगावरून. पोरीचे पाय उघडे पडले. पोटही. आणि एल्स्पी खोकली… तोच बारीक कोरडा खोकला, ज्याला मॉर्व्हन पाच महिने घाबरत आली होती.

त्या खोकल्याने तिची भीती मोडली. तिने पोरीला छातीशी कवटाळलं, पायथ्याकडून खाली उडी मारली आणि अंधारात भिंती चाचपत कपाटापाशी गेली. एकच विचार होता, ही टिकटिक बंद करायची. तिने हाताला लागला तो मोठा फ्यूज खेचून काढला.

मीटरवरचा बारीक दिवाही विझला, घर काळंकुट्ट झालं. घड्याळाची घरघर थांबली.

आतली टिकटिक मात्र थांबली नाही. आणि त्या टिकटिकीत कुणीतरी कूस बदलली.

मिसेस लॉरिमरनी दार दुसऱ्या थापेलाच उघडलं, जणू त्या दाराशीच बसून होत्या. एल्स्पीला शालीत गुंडाळलं, मॉर्व्हनला खुर्चीत बसवलं, दूध गरम करायला ठेवलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"घड्याळ बंद पडलं तेव्हा काटा कुठे होता?"

"मोबाइलच्या उजेडात पाहिलं मी. दोन वाजून दहा मिनिटं."

म्हातारीचा हात दुधाच्या भांड्यावर तसाच राहिला.

"म्हणजे… त्याचे सात आता वाजणारच नाहीत."

"म्हणजे काय?"

"सातच्या खटक्याला उठायचा तो, पोरी. आता उठवणार कोण त्याला?" मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "आणि विटा गरम राहतील त्या उद्या संध्याकाळपर्यंत. त्यानंतर गार होतील. मग ऊब शोधायला तो जाईल कुठे…"

सकाळी डूगलने फ्यूज परत लावला. दिवे लागले, हीटर मात्र लागले नाहीत. घड्याळाची तबकडी काही हलली नाही, हाताने फिरवूनसुद्धा नाही. "जाम झालंय," तो म्हणाला, आणि या खेपेला त्याने एकही विनोद केला नाही. मॉर्व्हनने दोन पिशव्या भरल्या आणि दुपारच्या आत घर सोडलं.

शीनाचं घर टेकडीच्या पायथ्याशी, गॅसवर गरम होणारं. वीटबीट काही नाही.

"राहा गं किती दिवस राहायचं ते," शीना म्हणाली. "फक्त माझा टॉवेल वापरू नकोस."

किती दिवसांनी मॉर्व्हन हसली! एल्स्पीचा खोकला आठवड्यात गेला. नर्स येऊन बघून गेली, छाती साफ आहे म्हणाली, वजनही वाढलंय म्हणाली. घर सोडल्यामुळे कंपनीने बाकी हप्त्यांनी भरायला परवानगी दिली. आता कशाचीच भीती नाही, असं मॉर्व्हन स्वतःला सांगायला लागली.

काल दुपारी ती पाळण्याजवळ बसून लंगोट घड्या घालत होती. बाहेर लख्ख ऊन. एल्स्पी पाळण्याच्या मधोमध खेळत होती. खेळता खेळता ती थांबली, तिने दाराकडे पाहिलं, आणि ओळखीचं कुणी आल्यावर हसावं तशी हसली. मग अंग हलवत, हलवत, ती एका कडेला सरकली. अर्धा पाळणा मोकळा ठेवून.

तिचे डोळे मिटले. तिने झोपेतच आपला चिमुकला हात त्या मोकळ्या जागेवर टाकला. तो हात गादीवर पडलाच नाही. वीतभर वर, हवेत टेकला, आणि सावकाश, खूप सावकाश, वर-खाली व्हायला लागला.